येळवस आणि एक राहिलेली सही

सोलापूरला जाते म्हटल्यावर आमच्या चिपळुणातल्या तिघींनी चादर सांगितली, एकीने शेंगाचटणी सांगितली, आणि कशाला जातेस हे कोणीच विचारलं नाही. ते बरंच झालं. मी साक्षीदार म्हणून चालले होते, आणि साक्षीदार म्हटलं की लोकांना आधी खून आठवतो.

खून नव्हता. महानंदा माझी शेजारीण. सगळी नोकरी तिने आमच्याच भागात नर्स म्हणून काढली, नवरा गेल्यावरही इथेच राहिली. पण माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, दुधनीच्या अलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही, तिच्या भावाला आवडायचं नाही. वडील, तात्या, गेल्यावर आठ एकर काळ्या रानाच्या सातबारावर तीन नावं लागली होती. आईचं म्हणजे अव्वाचं, भावाचं आणि महानंदाचं. आता भावाच्या बाजूने हक्कसोडपत्र करायचं होतं, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा सोडला असं सरकारी कचेरीत लिहून द्यायचं.

"तिकडे सगळ्या बहिणी देतात," महानंदा म्हणाली. "भाऊ साडी घेतो, जेवू घालतो, झालं. जमीन घेऊन मी काय करू? मला नांगर धरता येत नाही, इंजेक्शन धरता येतं."

"मग दे की. मी कशाला?"

"दोन साक्षीदार लागतात. एक त्याच्याकडचा. एक माझ्याकडचा असू दे."

मग ती म्हणाली, "नाही दिलं तर माहेर तुटतं, सुमन. अव्वा आहे तोवर तरी ते दार मला उघडं हवंय."

मी जन्मभर वाचनालयात काम केलं. पुस्तक देताना शिक्का मारायचा आणि ते परत येईल अशी आशा धरायची. परत न येणाऱ्या गोष्टीवर सही करायला मला पहिल्यांदाच कोणी बोलावत होतं. आधारकार्ड आणि दोन फोटो पर्समध्ये टाकून मी निघाले.

सोलापूर, पहिला दिवस

गावाकडे जायला दुसऱ्या दिवशीची गाडी होती, म्हणून दुपार शहरात मोकळी मिळाली. तलावाच्या कडेला बसून आम्ही कडक भाकरी खाल्ली. ही भाकरी पापडासारखी मोडते, महिनाभर टिकते आणि शेंगाचटणी-दह्याबरोबर अशी लागते की आमची तांदळाची मऊ भाकरी मला एकदम लाडावलेली वाटायला लागली. महानंदाने भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तोंडात न घालता बराच वेळ हातात धरून बसली.

संध्याकाळी तिच्या एका जुन्या मैत्रिणीने आम्हांला एका सभागृहात नेलं. 'जमिनीची मालकीण' असा काहीसा सोहळा होता. नवऱ्याने अर्ज केला की सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, आणि अशी नावं लागलेल्या बायकांचा सत्कार होता. चांगलीच गोष्ट. पण चांगल्या गोष्टीला व्यासपीठ मिळालं की तिचं काय होतं ते पाहायचं असेल तर सोलापूरपर्यंत जायची गरज नाही. पाहुणे उशिरा आले. दीपप्रज्वलनाला समई पेटेना, कारण वात कोरडी होती. मग पाहुण्यांनी स्त्री ही घराची लक्ष्मी कशी असते ते बराच वेळ सांगितलं, आणि तेवढा वेळ घरोघरच्या लक्ष्म्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. खुर्च्यांवर त्यांचे नवरे होते.

मग उताऱ्यांचं वाटप. चकचकीत चौकटीत बसवलेला सातबारा बाईच्या हातात, नवरा शेजारी, फोटो. बाई पायऱ्या उतरली की एक कार्यकर्ता चौकट परत घेऊन वर नेई आणि ती पुढच्या बाईच्या हातात जाई. चौकट एकच होती.

माझ्या शेजारी बुरखा घेतलेली एक म्हातारी बाई उभी होती, सुनेचा फोटो बघायला आलेली. ती मला म्हणाली, "खरा कागद तलाठ्याकडनं घ्यायचा म्हणे. ये तो खाली फोटो के वास्ते." मग चौकटीकडे बघत म्हणाली, "नाम इत्तासा. फ्रेम देखो, इत्ता बडा!"

आम्ही दोघीही हसलो. पण तिची सून पायऱ्या उतरून आली ती मोकळे हात पदराला पुसत, आणि सासूला विचारू लागली, "अम्मी, नाम बराबर लिख्या था ना? मैं जल्दी में पढीच नै." म्हातारीने तिला जवळ ओढून सांगितलं, "मैंने पढ्या. बराबर है." म्हातारीला वाचता येत नव्हतं, हे तिने मला आधीच सांगितलं होतं.

रान

दुसऱ्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला इकडची गावं ओस पडतात आणि सगळी माणसं आपापल्या रानात जेवतात. आमच्याकडे जेवायला पाहुणे घरी येतात, इथे घरच पाहुणं म्हणून रानात जातं.

महानंदाचा भाऊ मल्लिनाथ आम्हांला स्टेशनवर घ्यायला आला. पन्नाशीचा, मिशी नीट कातरलेला, दुधनीच्या आडत दुकानात हिशेबनीस. माणूस वाईट असता तर हे लिहिणं सोपं झालं असतं. त्याने बहिणीची पिशवी घेतली, माझी घेतली, आणि रस्ताभर, "अक्का, गाडीत झोप लागली का? अक्का, थंडी वाजती का?" चालू ठेवलं. सही येळवशीच्या दुसऱ्या दिवशी होती. "येळवशीचं जेवण झालं की मन भरतंय," तो मला म्हणाला. "भरल्या मनानं सही केलेली बरी की, म्याडम."

जी वस्तू माणसाने सोडून द्यावी असं आपल्याला वाटतं, ती त्याला आदल्या दिवशी दाखवू नये. इतकी साधी गोष्ट हिशेबनीस माणसाला सुचली नाही. पण त्या गावात ती कोणालाच सुचली नसती. बहीण माहेरी आली आणि येळवशीला रानात गेली नाही, असं तिथे घडतच नाही.

त्याची बायको शोभा दोन बायकांचं काम करत होती आणि मधूनमधून हसत होती. डोक्यावर जेवणाची दुरडी, कमरेवर आंबिलीचा बिंदगा. आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेलं पेय, आणि बिंदगा म्हणजे ते भरायचं मडकं. तिच्या मागे अव्वा, म्हणजे महानंदाची आई गंगव्वा. ती काठी टेकत चालत होती आणि वाटेत भेटेल त्याला कानडीत दटावत होती. मला बघून म्हणाली, "ऊटा आतेन?"

"जेवलात का विचारत्यात," शोभा म्हणाली. "आता सांजपर्यंत हेच. सवय करा."

आमच्या कोकणातला सातबारा म्हणजे लग्नपत्रिकाच. चुलते, आते, मुंबईचे, पुण्याचे, हयात, मयत. एका फणसाला सतरा मालक आणि फणस खातात वानर. आठ एकर सलग काळी जमीन मी अशी कधी पाहिली नव्हती. कमरेएवढी ज्वारी, मध्ये करडईचे काटे, कडेला घाटे धरलेला हरभरा. कुठे चढ नाही, वळण नाही. आभाळ एका बांधावर सुरू होऊन दुसऱ्या बांधावर संपत होतं.

मधोमध कोप होती. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वर बांधून, जुनी चादर पांघरलेली एक छोटी झोपडी, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड. ते पांडव. त्यांची पूजा झाली आणि जेवणं सुरू झाली. सगळ्या डाळी-पाल्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची भाकरी, शेंगापोळी, खीर, आणि वर गार आंबील. मी चौथा पेला संपवून कृतज्ञतेने मागे टेकले आणि कोप माझ्या पाठीवर आली.

पांडवांसकट मी चादरीखाली गेले. बाहेर काढल्यावर केसांत कडबा होता. अव्वा एवढी हसली की तिला ठसका लागला. मी मल्लिनाथला म्हटलं, "माफ करा, तुमची कोप मोडली."

"माजी न्हाय, हिची," तो शोभाकडे बोट करून म्हणाला. "तात्या गेल्यापासनं हीच बांधती. मला दुकानातनं सवड कुटं?"

"तात्या काय म्हणायचे सांगा की म्याडमला," शोभा पेंढ्या उचलता उचलता म्हणाली.

"ज्याचं रान, त्यानं कोप बांधायची," मल्लिनाथ म्हणाला, आणि आपण काय बोललो ते न कळून उंडा मोडत राहिला. शोभाने माझ्याकडे बघितलं नाही. तिने दोरी दाताने आवळली आणि कोप पहिल्यापेक्षा घट्ट उभी केली.

जेवणं झाल्यावर आंबील शिंपडत बांधावरून फिरायचं असतं. मल्लिनाथ म्हणाला, "चल अक्का, लहानपणी तूच बिंदगा धरायचीस." दोघं निघाली. तो कडुनिंबाच्या डहाळीने पिकावर आंबील उडवत होता, कानडी-मराठी मिसळलेल्या आरोळ्या ठोकत होता, आणि मागून तितक्याच मोठ्याने महानंदा ओरडत होती. चिपळुणात ती पेशंटलाही हलक्या आवाजात बोलवायची. दोन म्हातारपणाला टेकलेली माणसं हळूहळू लहान होत ज्वारीपलीकडे गेली.

परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती म्हणाली, "विहिरीजवळचा आंबा मी लावलेला. राहिलाय अजून."

मग मल्लिनाथने पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. उद्या घाई नको म्हणून. मला छापील कागद दिसला की वाचावाच लागतो. मी मोठ्याने वाचलं, '...कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने...' आणि खाली लिहून देणाऱ्यांची नावं. एक, गंगव्वा. दोन, महानंदा.

"अव्वाचंही?" महानंदाने विचारलं.

"एकदाच हेलपाटा होतोय म्हणून की. अव्वा काय, घरातच हाय."

अव्वाला आपलं नाव कळलं होतं. तिने मुलीला कानडीत विचारलं, मुलीने कानडीत सांगितलं. अव्वा कोपीतल्या दगडांकडे बघत राहिली आणि मग एकच वाक्य बोलली. शोभाने ते माझ्यासाठी हलक्या आवाजात मराठीत आणलं.

"म्हणत्यात, सोडायला मी धरलंय कवा?"

मल्लिनाथ कागदाची घडी घालू लागला. ती त्याला नीट घालता येईना.

भांडी घासायला आम्ही तिघी विहिरीवर गेलो. शोभाने राख घेतली आणि खाली बघूनच बोलायला लागली. "वन्सं, माज्या भावानं बी मला साडी दिली हुती. मोरपंखी. सही केली त्या दिवशी नेसले, ती एकदाच."

"नंतर का नाही?"

"नेसली की आठवतंय." तिने एक पातेलं घासून पालथं घातलं. "माहेरचं म्या सोडलं. हितलं माज्या नावावर न्हाई. तुमी सोडा, न्हाई सोडा, तुमची खुशी. अव्वा बी सोडतील. समदं ह्यांचं हुईल, चांगलंच हाय, परकं थोडंच हाय. पर मी आपली मधल्या बांधावर." मग घाईने म्हणाली, "म्या म्हणले म्हणून सांगू नका हं. लई चिडत्यात."

महानंदाने शोभाच्या हातातली राख घेतली आणि उरलेली भांडी स्वतः घासली.

अक्कलकोट

कचेरीत गर्दी होती. सगळीकडे असते तशीच, पण इथे माणसं तीन भाषांत कंटाळत होती. बाकावर आमच्या शेजारी आणखी दोन बहिणी बसलेल्या, नव्या साड्यांत, जेवणाचा डबा बरोबर. आमचीही साडी गाडीत होती, पाकिटात. मल्लिनाथकडचा साक्षीदार सारखा घड्याळ बघत होता. अव्वा माझा हात धरून बसली होती. तिचा तळहात खरखरीत आणि गरम होता, भाकरीसारखा.

आमचा नंबर आला. टेबलामागच्या तरुण कारकुनाने पडद्यावरची नजर न काढता नेहमीचा प्रश्न विचारला, "महानंदा कोण? दस्त वाचला? स्वखुशीनं सोडताय ना?"

"नाही," महानंदा म्हणाली.

त्याचा हात पुढच्या नावाकडे गेलासुद्धा होता. तो थांबला. पहिल्यांदा त्याने वर बघितलं. "काय म्हणालात?"

"स्वखुशीनं नाही म्हटलं."

"मग आलात कशाला मावशी?"

"तुम्ही विचाराल हे माहीत नव्हतं."

बाकावरच्या दोघी बहिणींपैकी धाकटी खुदकन हसली आणि मोठीने तिला कोपराने ढोसलं. कारकुनाने कागद मल्लिनाथच्या दिशेने सरकवला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "घरी बोलून या."

बाहेर चहाच्या टपरीवर मल्लिनाथने चहा घेतला आणि प्यायला नाही.

"मानसं बोलावली, अक्का. कागद केला. साडी आणली."

"साडी शोभाला दे."

"तुला पायजे काय? पीक पायजे? वाटून पायजे?"

"काही नको. पीक तूच घे. फक्त नाव राहू दे. माझं राहू दे, अव्वाचं राहू दे. आणि शोभाचं घाल. नवऱ्याने अर्ज केला की घालता येतं. परवा सोलापुरात चौकटीत घालून दाखवत होते."

"हिनं सांगितलं का तुला?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? काल कोप कोणी बांधली?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "गावात काय सांगू?"

"सांग, अक्काला खूळ लागलंय."

"ते सांगणारच हाय की," तो म्हणाला, आणि गाडीत बसून त्याने दार आपटलं. गावापर्यंत मी दोघांच्या मध्ये बसले होते. साक्षीदार म्हणून माझ्या वाट्याला शेवटी एवढंच काम आलं.

त्या संध्याकाळी तो जेवायला घरी आला नाही, दुकानातूनच निरोप आला. अव्वाने आम्हांला तीनदा विचारलं, ऊटा आतेन? आणि तिन्ही वेळा आम्ही जेवलो म्हणालो. तिन्ही वेळा ते खोटं होतं. महानंदा बॅग भरत होती. स्वतःची घडी घातलेली साडी पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत ती म्हणाली, "गेलं बघ माझं माहेर, सुमन. एका 'नाही'त गेलं."

पुस्तकांत अशा जागी मोठमोठी वाक्यं असतात. मी तिची औषधाची डबी शोधून दिली.

दुधनी, फलाट

सकाळी शोभाने दोघींची ओटी भरली. अव्वा उंबऱ्यापर्यंत आली, पुढे आली नाही. मुलगी निघताना ती उंबरा ओलांडत नाही म्हणे, तिला मागे वळून बघायला दारात कोणीतरी लागतं. स्टेशनवर आम्हांला शेजाऱ्याने सोडलं. मल्लिनाथचा पत्ता नव्हता. महानंदा फलाटावर उभी राहून दुकानाच्या रस्त्याकडे अजिबात बघत नव्हती, इतकं लक्ष देऊन.

गाडी दिसायला लागली तेव्हा तो आला. धापा टाकत, एका हातात कडक भाकऱ्यांचा बोजा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं साडीचं पाकीट. त्याने ते बहिणीच्या हातात कोंबलं.

"ही सहीची न्हाय. येळवशीची हाय," तो म्हणाला. "दुकानदार परत घेत न्हाय."

"मल्लू..."

"आता तू बोलू नगंस." गाडी थांबली. त्याने बॅगा वर चढवल्या, आम्हांला वर ओढलं, खाली उतरला आणि खिडकीशी येऊन, मिशी थरथरत असताना जमेल तेवढ्या रागाने म्हणाला, "तुजं बी रान हाय न्हवं? मग पुढच्या येळवशीला कोप तू बांधायची. फुकट जेवायला यायचं न्हाय."

महानंदाने मान डोलावली. गाडी सुटली तरी तो फलाटावर हात वर न करता उभा होता, पाय रोवून.

आता चिपळुणात बसून लिहिते आहे. दोन फोटो अजून माझ्या पर्समध्येच आहेत. शोभाच्या नावाचा अर्ज दिलाय, असं मल्लिनाथ फोनवर सांगतो. तलाठी रजेवर आहे, असंही सांगतो. दोन्ही खरं असू शकतं. महानंदा दर आठवड्याला विचारते आणि तो दर आठवड्याला वैतागतो, म्हणजे बोलणं चालू आहे. चादर मात्र मी आणायची विसरले आणि तिघी अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत.

पण मला आठवतं ते गाडीतलं. अक्कलकोट मागे गेलं होतं. महानंदाने साडीचं पाकीट उघडलं नव्हतं, मांडीवर धरून ठेवलं होतं. मग तिने फोन काढला, चष्मा पुसला आणि नंबर लावला.

"शोभा, मी बोलतेय. अगं, कोपीला पेंढ्या किती लागतात?"

पलीकडून शोभाचं हसणं मला माझ्या जागेवर ऐकू आलं. ती बराच वेळ हसत होती, आणि मध्येच ते हसणं ओलं झालं.

"आदी या तर खरं, वन्सं," ती म्हणाली. "दोघी मिळून बांदू."